मेटल डिटेक्टर चांगली पाकिटं फेकतो आणि टेस्ट पीस सोडतो: सेन्सिटिव्हिटीला हात लावण्याआधी काय तपासायचं

तक्रार साधारण अशी येते. मसाल्याची किंवा फरसाणाची पॅकिंग लाइन. सकाळी लाइन सुरू करताना फेरस (लोखंडी), नॉन-फेरस (पितळ-तांब्यासारखे) आणि एसएस (स्टेनलेस स्टील) असे तिन्ही टेस्ट पीस, म्हणजे ठरावीक आकाराची धातूची गोळी बसवलेली कार्डं किंवा काड्या, व्यवस्थित पकडले जातात, रजिस्टरवर सही होते. अकराच्या सुमारास डिटेक्टर चांगली पाकिटं एकामागून एक बाहेर ढकलायला लागतो. गाडी भरायची असते, सुपरवायझर वैतागतो, आणि कुणीतरी पासवर्ड टाकून सेन्सिटिव्हिटी थोडी खाली आणतो. लाइन धावू लागते. दुपारच्या तपासणीत एसएसचा टेस्ट पीस सरळ निघून जातो. मग सेन्सिटिव्हिटी परत वर, पाकिटं परत बाहेर. सर्व्हिस इंजिनिअर येतो, रिकाम्या बेल्टवरून टेस्ट पीस सोडून बघतो आणि ‘मशीन व्यवस्थित चालू आहे’ असं लिहून जातो. त्याचं म्हणणं खरं असतं. तुमची तक्रारही खरी असते.

दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, कारण डिटेक्टरची पकड ही एकट्या मशीनवर ठरत नाही. माल कोणता, किती ओला, किती गरम, पाकीट आडवं की उभं, बेल्टचा वेग किती, शेजारी कोणतं मशीन चालू आहे, या सगळ्यांचा मिळून तो निकाल असतो. मशीनच्या कागदावर ‘फेरस १.५ मिमी’ असं लिहिलेलं असतं ते एका विशिष्ट परिस्थितीतलं. तुमच्या लाइनवर जुलैच्या दुपारी तोच आकडा मिळेलच असं नाही. म्हणून माझा आग्रह असा की कोणती परिस्थिती बदलली ते आधी शोधा. सेन्सिटिव्हिटी सगळ्यात शेवटी.

‘थोडीशीच कमी केली’ असं म्हणतात, पण ते थोडं नसतं. लोखंडी गोळीचा सिग्नल ढोबळमानाने तिच्या आकारमानाच्या प्रमाणात असतो, म्हणजे व्यासाच्या घनाच्या. २ मिमीच्या गोळीच्या तुलनेत १.५ मिमीची गोळी निम्म्याहूनही कमी सिग्नल देते. बिनचुंबकी धातूंत ही घसरण आणखी तीव्र असते. स्क्रीनवर दिसणारा छोटासा बदल प्रत्यक्षात बऱ्याच मोठ्या तुकड्यांना वाट मोकळी करून देतो.

आत काय चालतं, थोडक्यात

हेडमध्ये, म्हणजे माल ज्या चौकटीतून जातो तिच्यात, तीन कॉइल असतात. मधली कॉइल उच्च वारंवारतेचं चुंबकीय क्षेत्र तयार करते, दोन्ही बाजूंच्या कॉइल ते सारख्या अंतरावरून पकडतात. त्या दोघी एकमेकींविरुद्ध जोडलेल्या असल्यामुळे काही नसताना बेरीज शून्य येते. धातूचा कण आधी एकीजवळून, मग दुसरीजवळून जातो, तेव्हा हा समतोल क्षणभर बिघडतो. हा बिघाड अतिशय सूक्ष्म असतो आणि तो मोठा करून बघावा लागतो. त्यामुळे समतोल बिघडवणारी दुसरी कोणतीही गोष्ट मशीनला धातूसारखीच वाटू शकते.

सिग्नलची मशीन दोन अंगं बघतं: तो किती मोठा आहे आणि त्याचा फेज काय आहे, म्हणजे मूळ लहरीच्या तुलनेत तो किती मागे-पुढे आहे. लोखंड चुंबकीय असल्याने त्याचा फेज वेगळा. पितळ, तांबं, अॅल्युमिनियम हे चांगले वाहक असल्याने त्यांचा वेगळा. एसएस ३०४ आणि ३१६ हे चुंबकीयही नाहीत आणि वाहक म्हणूनही सुमार, म्हणून तिन्हींत सगळ्यात अवघड. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात चाळण्या, हॉपर, स्क्रू, ब्लेड सगळं बहुधा याच धातूंचं असतं. जे सगळ्यात अवघड, तेच पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एसएसचा टेस्ट पीस सुटला तर ती सगळ्यात गंभीर गोष्ट समजा.

‘फॉल्स रिजेक्ट’ (धातू नसताना फेकलेलं पाकीट) म्हणण्याआधी पाकीट तपासा

बाहेर पडलेलं पाकीट लाइनपासून दूर न्या, उघडा, माल दोन स्वच्छ प्लास्टिक पिशव्यांत निम्मा-निम्मा करा आणि दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या सोडा. एकाच पिशवीवर रिजेक्ट आला आणि दुसरी शांत गेली, तर धातू आहे असं धरून चाला. ती पिशवी पुन्हा निम्मी करा, पुन्हा सोडा. चार-पाच फेऱ्यांत चमचाभर माल हातात राहतो आणि तुकडा सापडतो. दोन्ही पिशव्या निघून गेल्या आणि स्क्रीनवरचा सिग्नल दोन्हींत साधारण निम्मा झालेला दिसला, तर तो मालाचा स्वतःचा सिग्नल आहे.

मसाल्यात मात्र तिसरी शक्यता असते आणि ती हमखास नजरेतून सुटते. पल्व्हरायझरच्या (मसाला दळणाऱ्या मशीनच्या) हातोड्या झिजतात आणि झिजलेलं लोखंड अगदी बारीक भुकटी होऊन मालात सगळीकडे पसरतं. अशा वेळीही दोन्ही निम्मे भाग सारखाच सिग्नल देतात. ओळखायचं कसं? पांढऱ्या कागदावर मसाला पसरा, ताकदवान चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यातून फिरवा, बाहेर काढून पिशवीचा तळ बघा. काळी दाढी चिकटलेली दिसली तर डिटेक्टर खरं बोलत होता. आठवड्यागणिक सिग्नल हळूहळू चढत चाललाय असं दिसलं, तर डिटेक्टरच्या सेटिंगआधी हातोड्या, पल्व्हरायझरची जाळी आणि हॉपरखालचे चुंबक बघा. चुंबक शेवटचे कधी पुसले, हेही विचारा. भरलेला चुंबक नवं लोखंड धरून ठेवत नाही, उलट साचलेलं परत मालात सोडतो.

बेल्ट रिकामा चालवा, मग बेल्ट थांबवा

माल पूर्ण बंद करा आणि नेहमीच्या सेन्सिटिव्हिटीवर, नेहमीच्या वेगाने बेल्ट पंधरा-वीस मिनिटं रिकामा चालू द्या. आजूबाजूची सगळी मशीन रोजच्यासारखी चालू ठेवा. हे महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक जण ही चाचणी जेवणाच्या सुट्टीत करतात, तेव्हा शेजारचं सगळं बंद असतं आणि काहीच दिसत नाही.

रिकाम्या बेल्टवर एकही रिजेक्ट नाही? मग दोष मालाकडे आहे, पुढच्या भागाकडे जा. रिजेक्ट येतायत? मग हेड चालू ठेवून फक्त बेल्ट थांबवा. सिग्नल शांत झाला तर दोष बेल्टमध्ये किंवा कन्व्हेयरच्या सांगाड्यात. बेल्ट थांबूनही सिग्नल नाचतोय तर दोष बाहेरून येतोय: वीज, कंपन किंवा शेजारचं मशीन.

बेल्टचा दोष ठरावीक अंतराने येतो, त्यामुळे तो घड्याळावर पकडता येतो. वरची-खालची मिळून बेल्टची पूर्ण लांबी ३.६ मीटर आणि वेग मिनिटाला १८ मीटर असेल, तर एक फेरी १२ सेकंदांत होते. दर १२ सेकंदांनी सिग्नल उसळतोय म्हणजे बेल्टवरची एकच जागा तो देतेय. खडूने खूण करा आणि रिजेक्टच्या क्षणी कोणता भाग हेडखाली होता ते बघा. बहुधा तिथे बेल्टचा जोड असतो, किंवा जोडात ओलं मीठ शिरलेलं असतं, किंवा कुणी जवळपास ड्रिलिंग-वेल्डिंग केलेलं असतं आणि बारीक कीस बेल्टच्या खालच्या अंगाला चिकटलेला असतो. नवीन बेल्ट टाकल्यावर त्रास सुरू झाला असेल तर बेल्ट अँटी-स्टॅटिक आहे का विचारा. त्यात बहुधा कार्बन असतो आणि तो वाहक असतो. डिटेक्टरसाठी बेल्ट मागवताना हे स्पष्ट लिहून द्यावं लागतं.

सांगाड्याचा दोष जास्त चकवतो. कन्व्हेयरच्या फ्रेमचे धातूचे भाग एकमेकांना जोडून बंद वेटोळं तयार झालं की हेडच्या क्षेत्रामुळे त्यात प्रवाह वाहतो. तो कायम तसाच वाहत राहिला तर मशीन तो जुळवून घेतं. पण एखादा बोल्ट ढिला असेल, रोलरचं बेअरिंग कधी फ्रेमला टेकत असेल कधी सुटत असेल, गार्डचा पत्रा हलत असेल, तर हे वेटोळं जुळत-तुटत राहतं आणि प्रत्येक वेळी सिग्नल उसळतो. एका हाताने फ्रेम, गार्ड, पाय, रोलर एकेक दाबून बघा आणि नजर सिग्नलवर ठेवा, बेल्ट बंद आणि फक्त हेड चालू ठेवून. जिथे दाबल्यावर स्क्रीनवरची सिग्नलची पट्टी उसळते तिथे दोष. इलाज दोनच: तो जोड पक्का वेल्ड करा किंवा एका बाजूने पूर्ण इन्सुलेट करा. अर्धवट घट्ट केलेला बोल्ट महिन्याभरात पुन्हा हाच त्रास देतो. ‘दुरुस्त केलं होतं, परत आलं’ असं जिथे ऐकायला मिळतं, तिथे मी सगळ्यात आधी हेच बघतो.

हेडच्या आजूबाजूला धातू नसलेली मोकळी जागा लागते. ढोबळ नियम असा की अपर्चरच्या (हेडच्या ज्या तोंडातून माल जातो त्याच्या) उंचीच्या दीडपट अंतरात स्थिर धातू नको आणि दुपटीच्या आत हलणारा धातू नको. नेमका आकडा तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत मिळेल. रिजेक्टचा ढकलदांडा, ट्रॉली, ऑपरेटरची स्टीलची स्टूल, सगळं यात आलं.

या नियमाचं एक जुनं उदाहरण १८८१ सालचं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर २ जुलैला गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी कॉइलच्या समतोलावर चालणारं उपकरण बनवलं, म्हणजे आपल्या डिटेक्टरचा पूर्वजच. जुन्या सैनिकांच्या अंगात राहिलेल्या गोळ्यांवर त्यांनी ते आधी तपासलं आणि ते चाललं. अध्यक्षांच्या खोलीत मात्र ते गोंधळलं. गादीत स्टीलच्या तारा होत्या. शिवाय डॉक्टरांनी एकच बाजू तपासू दिली, आणि गोळी त्या बाजूला नव्हतीच. उपकरण चांगलं होतं, चाचणीही प्रामाणिक होती, पण चाचणीची जागा आणि वापराची जागा यांत फरक पडला.

बेल्ट थांबवूनही सिग्नल येत असेल तर शेजारच्या मशीनकडे वळा. एकेक मशीन बंद करत जा आणि प्रत्येक वेळी दोन-चार मिनिटं थांबा. लोणच्याच्या बरणीच्या लाइनवर पहिला संशय इंडक्शन सीलरवर (बरणीच्या तोंडाला फॉइल चिकटवणाऱ्या मशीनवर) घ्या, कारण तो स्वतःच जोरदार चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्यानंतर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह. त्याची मोटर केबल शील्ड नसलेली असेल आणि डिटेक्टरच्या केबलला चिकटून एकाच ट्रेमधून जात असेल, तर ट्रे वेगळा केला तरी फरक दिसतो. वॉकी-टॉकी हेडजवळ वापरून बघा. सारख्याच वारंवारतेचे दोन डिटेक्टर जवळजवळ असतील तर ते एकमेकांना त्रास देतात, त्यांची वारंवारता वेगळी करून घ्या. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, नुसती हिरवी वायर दिसते म्हणून समाधान मानू नका. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या पाकिटांवर स्थिर वीज साठते, तीही कधीकधी कारण ठरते.

गरम पाण्याने धुतल्यावर लगेच तपासणी घेऊ नका. हेड तापलेलं असतं, बेल्टवर पाण्याचा पातळ थर असतो. पुसा, थंड होऊ द्या, मग टेस्ट पीस सोडा.

माल बदलला, फक्त नाव तेच राहिलं

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच सुटतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पाणी आणि मीठ एकत्र आले की माल वीज वाहतो, आणि वीज वाहणारा माल स्वतःच डिटेक्टरला सिग्नल देतो. मशीनला हा सिग्नल ‘शिकवता’ येतो, मग तो त्याकडे दुर्लक्ष करतो. पण शिकवलेला माल ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीपुरतं ते शिक्षण खरं. आणि मालाचा हा फेज एसएसच्या फेजच्या बराच जवळ असल्यामुळे ओल्या, खारट मालात सगळ्यात आधी एसएसवरची पकड सुटते.

लोणचं मसाल्याचं उदाहरण घ्या. मीठ पूर्ण कोरडं असताना वीज वाहत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून ओलसर होतं. मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी या पट्ट्यात पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. एप्रिलमध्ये शिकवलेला लोणचं मसाला कोरडा माल म्हणून मशीनच्या लक्षात आहे, जुलैमध्ये त्याच नावाने आलेला माल विजेच्या दृष्टीने वेगळाच पदार्थ आहे. रेसिपी तीच, सप्लायर तोच, मिठाचा टक्काही तोच, तरी रिजेक्ट. अशा कारखान्यात मी पावसाळ्याचं वेगळं सेटिंग ठेवायला सांगतो आणि पॅकिंग खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगायला सांगतो. दोन-तीन आठवडे रिजेक्टची वेळ आणि आर्द्रता शेजारी-शेजारी लिहिली की नातं आपोआप दिसतं. कायमचा इलाज डिटेक्टरमध्ये नाहीच. मिठाची पोती पावसात उघडी न ठेवणं, मिसळल्यापासून पॅकिंगपर्यंतचा वेळ कमी करणं, खोलीत डीह्युमिडिफायर लावणं, हा तो इलाज. कोरड्या हळद-मिरचीला हा त्रास त्यामानाने कमी असतो, कारण त्यात मीठ नसतं.

फ्रोझन मालात उलट गंमत असते. उणे १८ अंशांवर पुरणपोळी किंवा मोदकातलं बरंचसं पाणी बर्फ झालेलं असतं, त्यामुळे माल जवळपास शांत असतो आणि सेन्सिटिव्हिटी चांगली उंच ठेवता येते. मग चहाची सुट्टी होते. एक ट्रॉली फ्रीझरबाहेर उभी राहते. पाकिटांचा आतला भाग अजून दगड, पण वरचा थर सुटलेला आणि पाणी आलेलं. सुट्टीनंतरची पहिली पन्नास पाकिटं धडाधड रिजेक्ट होतात आणि पुढचा माल पुन्हा शांत जातो. रिजेक्टच्या वेळा सुट्टीच्या वेळांशी जुळतायत का, एवढं बघितलं की निदान होतं. सुट्टीआधी ट्रॉली परत आत ढकलणं आणि बाहेर किती वेळ चालेल ते मोजून ठरवणं, एवढ्यावर हा प्रश्न मिटतो. अर्धवट सुटलेल्या मालासाठी सेन्सिटिव्हिटी उतरवून सगळ्या शिफ्टची पकड कमी करण्यात अर्थ नाही.

तळलेल्या चकली-भाकरवडीत तेल असतं, आणि तेल वीज वाहत नाही, म्हणून तो माल एरवी सोपा. मात्र थंड माल शिकवून गरम माल सोडला तर फरक पडतो, कारण त्यातला जो काही ओलावा असतो तो गरम असताना जास्त वाहक असतो. श्रीखंड, पनीर, ओलं लोणचं यांत तापमानाचा फरक आणखी जाणवतो. शिकवताना पहाटेचा गार माल आणि दुपारचा गरम माल, दोन्ही घ्या. एकाच पाकिटावर शिकवू नका. आणि ज्या पाकिटावर शिकवताय त्यात धातू नाही याची आधी खात्री करा. धातू असलेलं पाकीट शिकवलं, तर तसाच सिग्नल देणारा धातू सोडून द्यायला तुम्हीच मशीनला सांगितलं असं होतं.

पाकिटाची दिशा ही लहान वाटणारी, पण नेहमीची बाब. एक किलोचं लांबट पाकीट लांबीने शिकवलं आणि बेल्टवर काही पाकिटं आडवी झाली, तर एका क्षणी हेडखाली येणारा माल बदलतो आणि सिग्नलही. प्लास्टिकच्या दोन गाइड पट्ट्या लावल्या की हा प्रश्न संपतो. २०० ग्रॅमच्या सेटिंगवर ५०० ग्रॅम चालवणं तर सरळच चूक.

पॅकिंगचं साहित्यही बघा. अॅल्युमिनियम फॉइलचा पाऊच असेल तर साध्या डिटेक्टरने भरलेला पाऊच तपासण्याचा नाद सोडा. माल पाऊचमध्ये पडण्याआधी, हॉपरखालच्या उभ्या पाइपवर बसणारा डिटेक्टर वापरा किंवा एक्स-रेकडे वळा. मेटलाइज्ड फिल्मवरचा धातूचा थर फारच पातळ असतो, त्यात काम भागू शकतं, पण फिल्मचा रोल किंवा सप्लायर बदलला की सिग्नल पुन्हा तपासा. बरणीचं धातूचं झाकण लागण्याआधीच तपासणी व्हायला हवी. पाकिटाच्या तोंडाला स्टेपलर पिन मारणारे छोटे उद्योग अजून बरेच आहेत. ती पिन हा धातूच आहे, ती बंद करून हीट सीलवर या. पुठ्ठ्याचे बॉक्स तारेने शिवलेले येत असतील, तर बॉक्स भरल्यानंतर तपासण्याचा विचारही करू नका.

टेस्ट पीसची चाचणी घ्या

टेस्ट पीस हातात धरून अपर्चरच्या वरच्या बाजूने फिरवला की मशीन लगेच ओरडतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. त्याला चाचणी म्हणता येत नाही. अपर्चरच्या भिंतींजवळ पकड सगळ्यात चांगली आणि अगदी मध्यभागी सगळ्यात कमी असते. म्हणून टेस्ट पीस खऱ्या पाकिटात, खऱ्या मालासोबत, शक्य तितका मध्यातून जाईल असा, बेल्टच्या वेगाने सोडायचा. हाताचा वेग वेगळा असतो आणि मशीनचा फिल्टर बेल्टच्या वेगाला जुळवलेला असतो.

कार्डातली किंवा काडीतली गोळी जागेवर आहे का, तेही बघा. प्लास्टिक तडकून गोळी पडून गेलेली कार्डं मी कारखान्यांत वापरात पाहिली आहेत. एसएस ३१६ लिहिलेल्या गोळीला चुंबक लावून बघा. चुंबकाला ती घट्ट चिकटली तर ती ३१६ नाही, आणि तुमची अवघड चाचणी आजवर सोप्या गोळीवर चाललेली आहे. फेरसची गोळी गंजलेली असेल तर बदला. प्रत्येक पीसवर क्रमांक आणि त्याचं प्रमाणपत्र फाइलमध्ये असू द्या.

आता तारेविषयी, कारण चाळणीची तार हा खरा धोका आहे. गोळी कोणत्याही दिशेने तीच असते, तार नसते. लोखंडी तार बेल्टच्या दिशेने लांब पडली तर सहज पकडली जाते, आडवी पडली तर अवघड. एसएस आणि पितळेच्या तारेचं याच्या उलट. अर्धा मिमी जाडीची, ७ मिमी लांबीची एसएस तार घ्या. तिचं आकारमान सुमारे १.४ घन मिमी भरतं. २.५ मिमीच्या गोळीचं ८ घन मिमीच्या आसपास. गोळी पकडणारा डिटेक्टर अवघड दिशेने पडलेली ती तार सोडू शकतो. अमेरिकेच्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) मार्गदर्शनात ७ ते २५ मिमी लांबीचे कठीण, टोकदार तुकडे कारवाईच्या कक्षेत येतात, त्यामुळे निर्यात करणाऱ्यांनी हे गणित डोळ्यांसमोर ठेवावं. यावर डिटेक्टरचं उत्तर अपुरं आहे. चाळणी रोज प्रकाशासमोर धरून तपासणं, तुटलेली जागा दिसली की लाइन थांबवणं, याला पर्याय नाही.

तुमच्या लाइनचा स्वतःचा तक्ता

प्रत्येक मालासाठी एक पान पुरतं. स्वच्छ मालाचा सिग्नल लिहा, मग तिन्ही धातूंची सगळ्यात छोटी गोळी, जी दहापैकी दहा वेळा पकडली गेली. नऊ वेळा पकडली तर ती मोजायची नाही, एक घर मोठी गोळी घ्यायची. हेच गार मालावर, गरम मालावर, कोरड्या दिवशी, दमट दिवशी, आणि पाकिटाच्या पुढच्या टोकाला, मध्ये, मागच्या टोकाला गोळी ठेवून करा. सगळ्यात वाईट स्थितीत जी गोळी पकडली गेली तीच तुमची खरी मर्यादा, आणि एचएसीसीपीच्या (अन्नातले धोके रोखण्याच्या आराखड्याच्या) कागदावर तीच लिहायला हवी. एक वारंवारता ओल्या मालाला चालते आणि कोरड्याला नाही, असंही या तक्त्यात दिसेल. ओल्याला साधारणपणे कमी वारंवारता बरी, कोरड्याला जास्त, आणि एसएससाठीही जास्तच बरी.

डिटेक्टरने पकडलं म्हणजे पाकीट बाहेर गेलंच, असं धरू नका. मोठा तुकडा हेडला जरा आधीच जाणवतो, लहान तुकडा उशिरा, त्यामुळे फोटो-सेन्सर नसलेल्या लाइनवर ढकलदांडा कधी पुढचं पाकीट मारतो, कधी मागचं. मोठा आणि लहान असे दोन्ही टेस्ट पीस, एकामागोमाग दोन पाकिटांत ठेवून सोडा आणि दोन्ही बाहेर जातात का ते बघा. बेल्टचा वेग बदलला असेल तर टायमिंग पुन्हा लावा. हवेचा दाब कमी झाला किंवा रिजेक्टची पेटी भरली तर लाइन आपोआप थांबली पाहिजे. ते मुद्दाम करून बघा. पेटीला कुलूप असावं आणि किल्ली लाइनवरच्या माणसाकडे नसावी.

तपासणीत टेस्ट पीस सुटला, तर शेवटच्या यशस्वी तपासणीनंतरचा सगळा माल थांबवून पुन्हा तपासावा लागतो. तासाला एकदा तपासत असाल तर एका तासाचा माल अडकतो, शिफ्टला एकदा तपासत असाल तर अख्ख्या शिफ्टचा. तपासणी किती वेळाने घ्यायची हे या हिशोबावर ठरवा. सेन्सिटिव्हिटी बदलणाऱ्याचं नाव, वेळ, कारण, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहिल्याशिवाय बदल होऊ देऊ नका, आणि पासवर्ड दोन माणसांपलीकडे जाऊ देऊ नका. बदल झाला की तिन्ही टेस्ट पीस लगेच पुन्हा सोडा, मगच माल.

इतकं करूनही सुटलं नाही तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा, पण तक्रार प्रत्यक्ष होत असते त्या वेळी. दमट दुपारची तक्रार असेल तर सकाळी नऊची भेट घेऊ नका. रिजेक्टच्या वेळा, बेल्ट थांबवल्यावर काय झालं, निम्म्या-निम्म्या पाकिटांचा निकाल, आणि वरचा तक्ता त्याच्या हातात द्या. रिकाम्या बेल्टवरची चाचणी झाली की त्याला तुमच्या मालावर, मध्यातून, तुमच्या टेस्ट पीसवर हीच चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा, आणि सर्व्हिस रिपोर्टवर मालाचं नाव, तापमान आणि सापडलेला सगळ्यात छोटा आकार लिहून घ्या.